‘सगळं छान चाललंय’ असं किती दिवस म्हणायचं?

पत्र :

‘गेली बरीच वर्षं मी नियमाने नामस्मरण करते, साधकांच्या एका छोट्या गटातही जाते. आई माझ्याकडे असते. तिला आता आधाराशिवाय उठता-बसता येत नाही. रात्रीतून दोन-तीनदा हाक मारते. मोठी बहीण दुसऱ्या गावी असते. ती फोन करते, चौकशी करते, “तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे” म्हणते. मीही “काळजी करू नकोस, सगळं छान चाललंय” म्हणते. गटात कुणी विचारलं तर माझ्या तोंडून येतं, “आईची सेवा हीच माझी साधना. करून घेणारा तो आहे.” लोक कौतुक करतात. आणि घरी आल्यावर मी भांडी आपटते.

परवा आईने विचारलं, “मी तुला जड झाले का गं?” मी म्हटलं, “छे गं, अजिबात नाही.” त्या रात्री जपाला बसले आणि माळ पुढे सरकेना. वाटलं, मी सगळ्यांशीच खोटं बोलते, देवाशीसुद्धा. ताईसाठी एक मेसेज लिहून ठेवला आहे, पाठवलेला नाही. तो खाली देते :

“ताई, तुला आईची काहीच पडलेली नाही हे मला कळून चुकलंय. तू नेहमी स्वतःपुरतंच बघत आलीस. मी कशातून जाते हे तुला कधीच कळणार नाही. असो. ज्याचं त्याचं कर्म. तू सुखी राहा.”

सत्य बोलायचं म्हणजे हा मेसेज पाठवायचा का? आणि आईला खरं काय सांगायचं?’

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुम्ही शेवटी दोन प्रश्न विचारले आहेत, त्यांच्याकडे येतेच. पण मला आधी ‘माळ पुढे सरकेना’ या ओळीपाशी थांबायचं आहे. तुम्ही ती साधना अडल्याची तक्रार म्हणून लिहिली आहे. मला ती साधना आतवर पोचल्याची खूण वाटते. इतकी वर्षं नाम घेतल्यावर तुमच्या आत अशी एक जागा तयार झाली आहे, जिथे खोटं खुपतं. तिथे दुखलं म्हणून घाबरू नका, आणि माळ जोराने पुढे ढकलूही नका.

तेव्हा सुरुवात तिथूनच करू. माणसांशी खरं बोलायच्या आधी देवाशी खरं बोलायला हवं, कारण तिथे तरी कुणाला काय वाटेल याची भीती नसते. आणि तरीही आपण देवासमोर आवरून सावरून बसतो. राग दाराबाहेर ठेवतो, कंटाळा लपवतो, आणि तोंडाने ‘तुझी इच्छा’ म्हणतो. तुकोबांनी हे केलं नाही. ‘माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल ॥’ असं त्यांनी आपल्या विठ्ठलालाच ऐकवलं आहे. ज्याच्यावर जीव ओवाळून टाकला त्याच्याशी ते कडाकडा भांडले, रुसले, बोलणं टाकलं. बायबलमधलं 22वं स्तोत्रही ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस?’ या आक्रोशाने सुरू होतं, आणि क्रुसावर येशूच्या तोंडी हेच शब्द आले. या माणसांची श्रद्धा कमी होती असं कुणी म्हणणार नाही. आपलं सगळं ऐकून घेतलं जाईल हा भरवसा असल्याशिवाय इतकं उघडं बोलता येत नाही.

आज रात्री माळ हातात घेण्याआधी तोंडाने, स्वतःला ऐकू येईल इतक्या आवाजात, दोन-तीन वाक्यं बोला. ‘आज मी आईवर चिडले. मला झोप हवी आहे. ताईचा मला राग आला आहे.’ एवढंच. त्याला ‘पण मी समजून घेईन’ अशी शेपटी जोडू नका. ‘उद्यापासून चिडणार नाही’ असं वचनही देऊ नका, कारण ते तुमच्या हातात नाही आणि मग उद्या आणखी एक खोटं जमा होईल. वाक्यं लहान ठेवा. वाक्य लांबायला लागलं की त्यात वकिली शिरते : मी का चिडले, चूक कुणाची होती, माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर काय केलं असतं. ते सगळं नंतर. आधी फक्त जे आहे ते.

तुम्ही कदाचित म्हणाल, राग बोलून दाखवण्यापेक्षा गिळलेला बरा, मौन ही सुद्धा तपश्चर्याच आहे की. आहे. पण गीतेच्या 17व्या अध्यायात शरीराचं, वाणीचं आणि मनाचं असं तीन प्रकारचं तप सांगितलं आहे, तिथे मौन कुठे ठेवलंय बघा. आपल्याला वाटतं ते वाणीच्या तपात असेल. ते मनाच्या तपात आहे, भावशुद्धीच्या शेजारी. वाणीचं तप म्हणून जे सांगितलं आहे ते बोलण्याचंच : दुसऱ्याला उद्विग्न न करणारं, सत्य, प्रिय आणि हिताचं बोलणं, आणि जोडीला स्वाध्याय. म्हणजे गप्प बसण्याची परीक्षा ओठांवर होत नाही. मन शांत असेल तर ते मौन. ताईशी फोनवर ‘छान चाललंय’ म्हणताना तुमचं मन शांत नव्हतं, ते आत सगळा वेळ तिच्याशी भांडत होतं. या भांडणाला साधना म्हणून पोसू नका. त्याने माणूस आंबट होत जातो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याला आपण सोशीक आहोत असं वाटत राहतं.

आता मेसेज. तो पाठवू नका.

तो कडक आहे म्हणून मी हे म्हणत नाही. कडक बोलावं लागतं कधीकधी. तो खरा नाही म्हणून म्हणते. तुम्ही म्हणाल, त्यात माझं सगळं मन ओतलंय. मन ओतलंय हे खरंच. पण एकेक वाक्य हातात घेऊन बघा.

‘तुला आईची काहीच पडलेली नाही.’ हे तुम्हाला माहीत आहे का? ती फोन करते, चौकशी करते, हे तुम्हीच लिहिलं आहे. ती येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. ती का येत नाही, तिच्या मनात आईबद्दल काय आहे, हा तुमचा अंदाज आहे. राग आलेला असताना आपला अंदाज आपल्याला डोळ्यांनी पाहिल्याइतका पक्का वाटतो.

‘तू नेहमी स्वतःपुरतंच बघत आलीस.’ या ‘नेहमी’मध्ये तुमचं सगळं बालपण येतं. त्यात एकही दिवस असा नव्हता का, जेव्हा तिने तुमच्यासाठी काही सोडलं? एक जरी आठवला तरी हे वाक्य खोटं ठरतं. आणि ते वाचताना तिलाही नेमका तोच दिवस आठवेल. मग बाकीचं काही ती ऐकणार नाही.

‘मी कशातून जाते हे तुला कधीच कळणार नाही.’ या वाक्यापाशी मला तुमच्यासाठी वाईट वाटलं. कसं कळणार तिला? ज्या माणसाकडून कळायचं, ते माणूस दर फोनवर ‘काळजी करू नकोस’ म्हणतं आहे. ती निर्धास्त आहे, कारण तुम्ही तिला निर्धास्त केलं आहे. इथे मी तिची बाजू घेत नाही. मोठ्या बहिणीने न सांगता ओळखायला हवं होतं असं तुम्हाला वाटतं, आणि ती अपेक्षा अगदी माणसासारखी आहे. पण न सांगता ओळखलं नाही, एवढ्यावरून माणूस स्वार्थी ठरत नाही.

आणि शेवटची तीन वाक्यं : ‘असो. ज्याचं त्याचं कर्म. तू सुखी राहा.’ मला आख्ख्या मेसेजमध्ये ही सगळ्यात जास्त लागली. वरची वाक्यं निदान रागाची आहेत हे दिसतं तरी. इथे राग सोवळं नेसून आला आहे. हे लिहिताना तिने सुखी राहावं असं तुमच्या मनात होतं का? तिला झोंबावं असं होतं. कर्म हा शब्द ज्यांनी आयुष्यभर चिंतन केलं त्यांच्याकडून आपल्यापर्यंत आला, आणि आपण तो बहिणीला टोचायला वापरला. साधना करणाऱ्या माणसाला हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून इतकं स्पष्ट लिहिते आहे. आपल्याजवळ मोठमोठे शब्द साठलेले असतात : सेवा, समर्पण, प्रारब्ध, क्षमा. रडू आलं की ‘मला रडू येतंय’ म्हणायच्या ऐवजी त्यातला एखादा शब्द काढून वर टाकता येतो. ऐकणाराही मग पुढे काही विचारत नाही.

तुमच्या गटातही हेच होतं. ‘करून घेणारा तो आहे’ म्हटलं की कौतुक होतं आणि विषय संपतो. कुणी विचारत नाही, ‘पण तुम्ही झोपता कधी?’ पुढच्या वेळी कुणी आईची चौकशी केली तर म्हणून बघा, ‘अवघड चाललंय. मी दमले आहे.’ दोन-चार जण गोंधळतील. एखादा उपदेशही करेल. पण कुणीतरी एक जण बैठक संपल्यावर तुमच्यापाशी येईल अशी मला खूप आशा आहे, कारण अशा गटात तुमच्यासारखं बोलणारी तुम्ही एकट्याच असाल हे संभवत नाही.

17व्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर पंथाचे लोक होते. न्यायालयात शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की शपथ घेऊन खरं बोलायचं, तर एरवी बोलतो ते काय असतं? तुमचं ‘हो’ ते ‘हो’ असू द्या आणि ‘नाही’ ते ‘नाही’, हे येशूचं वचन त्यांनी अक्षरशः घेतलं. 1662 मध्ये तर शपथ नाकारणं हा गुन्हा ठरवणारा कायदा त्यांच्याविरुद्ध झाला. त्यांनी तुरुंगवास सोसला, पण आपला हेका सोडला नाही. त्यांची प्रार्थनाही तशीच असायची, अजूनही अनेक ठिकाणी असते : सगळे गप्प बसतात, आणि आतून खरोखर काही उमटलं तरच एखादा उठून थोडकं बोलतो. काहीच उमटलं नाही तर सभा मौनातच संपते. तुमच्या गटात हे आणावं असं मी सुचवत नाही. पण उठून बोलण्याआधी ‘हे खरोखर आतून आलंय का?’ असं थांबून बघणं तुम्हाला एकटीलाही करता येईल.

पुन्हा मेसेजकडे. ताईला तुम्ही जे खरंखुरं सांगू शकता ते फक्त तुमच्या बाजूचं आहे : काय घडतं, तुम्हाला काय होतं, तुम्हाला काय हवं आहे. बाकी सगळा निवाडा. तेवढंच ठेवलं तर मेसेज साधारण असा होईल :

‘ताई, इतके दिवस मी तुला फोनवर सगळं छान आहे असं सांगत होते. ते खरं नव्हतं. आई रात्रीतून दोन-तीनदा उठवते. माझी झोप होत नाही. हल्ली मी तिच्यावर चिडते आणि मग मला अपराधी वाटतं. मला एकटीला हे झेपत नाहीये. दर महिन्याला थोडे दिवस तू इथे येऊन राहावंस, नाहीतर आईला तुझ्याकडे न्यावंस, असं मला वाटतं. तुला काय जमेल?’

हा मेसेज पहिल्यापेक्षा लिहायला सोपा दिसतो, पण पाठवायला जास्त अवघड आहे. पहिल्यात तुम्ही उंचावर उभ्या होता. यात तुम्ही खाली उतरून काहीतरी मागता आहात, आणि मागणाऱ्याला नकार मिळू शकतो. ‘मी चिडते’ हे वाक्य तर तुम्हाला खोडून टाकावंसं वाटेल. खोडू नका. त्या एका वाक्यामुळे ताईला कळेल की हा मेसेज तिला कमी लेखायला लिहिलेला नाही.

ज्ञानेश्वरीच्या 13व्या अध्यायात अहिंसा सांगताना माउली अशा माणसाच्या बोलण्याचं वर्णन करतात : ‘पुढां स्नेह पाझरे । माघां चालती अक्षरें ।’ आधी स्नेह पोचतो, अक्षरं त्याच्या मागून चालत येतात. याचा अर्थ गोड शब्द शोधायचे असा मी घेत नाही. मेसेज लिहायला बसण्याआधी क्षणभर ताई आठवा, आज फोनवर दिसते ती नको, पूर्वी तुम्हाला जवळची वाटायची ती. स्नेह पाझरतो का बघा. पाझरला तर शब्द आपोआप मवाळ होतील. नाहीच पाझरला, तर त्या दिवशी लिहू नका.

ती कदाचित ‘मला नाही जमणार’ म्हणेल. त्याची तयारी ठेवा. खरं बोललं की समोरचा विरघळतो असं काही नसतं. पण तिने नाही म्हटलं तर निदान ते तिचं उत्तर असेल, तुमचा अंदाज नव्हे, आणि मग दुसरी मदत शोधायला तुम्ही मोकळ्या व्हाल. आज तुम्ही मदत शोधतही नाही आहात, कारण ‘सगळं छान चाललंय’.

आता आईचा प्रश्न. हा खरा नाजूक आहे.

कुणीतरी तुम्हाला महाभारतातल्या कौशिकाची गोष्ट सांगेल. कर्णपर्वात कृष्ण ती अर्जुनाला सांगतो. कौशिक हा सदा सत्यच बोलायचं व्रत घेतलेला तपस्वी. जीव वाचवायला पळालेली माणसं कुठे गेली हे दरोडेखोरांनी विचारल्यावर त्याने खरं सांगून टाकलं, माणसं मारली गेली, आणि व्रत पाळूनही तो नरकात गेला. गोष्ट फार मोलाची आहे. पण आपण ती फार स्वस्तात वापरतो. दारात दरोडेखोर नसतातच, असतं ते नुसतं अवघडलेपण, आणि ते टाळायला आपण कौशिकाला पुढे करतो. तुमच्या आईपासून कुणाचा जीव वाचवायचा नाही. तिला खरं सांगता येतं.

पण कोणतं खरं? तिने तो प्रश्न उगाच विचारला नसेल. ती भांडी ऐकते आहे. तिला उठता येत नाही, म्हणून तर ती जास्तच ऐकते. तेव्हा ‘छे गं, अजिबात नाही’ या उत्तराने तिची समजूत पटलेली नाही, एवढं धरून चाला. उलट तिला आता दोन गोष्टी कळल्या आहेत : मुलगी दमली आहे, आणि मुलगी आपल्याशी हे बोलत नाही.

आणि ती विचारते आहे ते कामाबद्दल नाहीच. काम किती पडतं याचा हिशेब तिला नको आहे. मी तुला नकोशी झाले का, एवढंच तिला विचारायचं आहे, आणि ते सरळ विचारायचं धाडस तिलाही होत नाही. या प्रश्नाचं खरं उत्तर तुमच्याजवळ आहे. तुम्ही मला इतकं लांब पत्र लिहिलंत, त्यात एकदाही ‘आई नको’ असं म्हटलेलं नाही. मग हे दोन्ही तिला सांगा. तिच्याजवळ बसून, हातात दुसरं काही काम नसताना : ‘आई, परवा तू विचारलंस ना, मी जरा खोटंच बोलले. मी दमते गं. रात्रीची झोप मोडते ना, मग चिडचिड होते माझी. पण तू मला नको झालेली नाहीस. तू इथेच हवीस.’ यातलं शेवटचं वाक्य मात्र मनात तपासून मगच म्हणा. ती थोडे दिवस ताईकडे गेली तर बरं, असं वाटत असेल, तर ‘इथेच’ हा शब्द काढा. ‘तू मला हवी आहेस’ एवढं पुरे, आणि तेही खरंच आहे.

ती रडेल कदाचित. तिला रडू द्या, लगेच गप्प करू नका.

कधी बोलायचं, कसं बोलायचं, याची भीती वाटत असेल तर बुद्धांनी राहुलला सांगितलेली एक रीत उपयोगी पडेल. राहुल त्यांचा मुलगा, लहानपणीच संघात आलेला. बुद्धांनी त्याला थट्टेतसुद्धा खोटं बोलू नकोस असं शिकवलं. आणि सांगितलं की कृतीने, वाणीने किंवा मनाने काही करण्याआधी, ते करत असताना आणि करून झाल्यावर, तिन्ही वेळा बघ : यातून मला किंवा दुसऱ्याला इजा होते आहे का? हा उपदेश पुढे सम्राट अशोकाला इतका महत्त्वाचा वाटला की राजस्थानातल्या बैराटजवळच्या आपल्या शिलालेखात, भिक्षूंनी आणि उपासकांनी वरचेवर ऐकावेत अशा सात उपदेशांमध्ये त्याने असत्याविषयी राहुलला केलेल्या या उपदेशाचं नाव घातलं. मला त्यातलं मधलं बघणं फार आवडतं : करत असताना. बोलायला सुरुवात केली म्हणजे ते शेवटपर्यंत रेटलंच पाहिजे असं नाही. आईशी बोलताना आवाज चढतोय असं जाणवलं तर वाक्य अर्धं सोडा. ‘थांब, मी नंतर बोलते’ म्हणा. आणि नंतर खरंच बोला.

क्रमही महत्त्वाचा आहे. ताईला मेसेज पाठवण्याच्या आधी आईशी बोला. मी वर लिहून दिलेल्या मेसेजमध्ये ‘आईला तुझ्याकडे न्यावंस’ असं एक वाक्य आहे. ते तिला न विचारता ताईकडे जाता कामा नये. ती कुठे राहणार हे दोन मुलींनी फोनवर परस्पर ठरवणं आणि तिला नंतर कळणं, यात पुन्हा तेच झाकलेलं बोलणं सुरू होईल, या वेळी तिच्या पाठीमागे. तिला विचारा, ‘ताईकडे थोडे दिवस राहायला आवडेल का तुला? की ताईनेच इकडे यावं?’ तिचं म्हणणं आलं की मेसेजमधलं ते वाक्य त्याप्रमाणे बदला, आणि सकाळी, रात्रीचं जागरण अंगावर नसेल अशा दिवशी, पाठवा.